जुन्या डिझेल कॅम्परचं इंजिन त्रास देतंय? खोलायच्या आधी हे सगळं बघून घ्या

नाशिकमध्ये जुनी ट्रॅव्हलर नाहीतर मिनीबस घेऊन तिचा कॅम्पर करणारी मंडळी आता बरीच दिसतात. आत बेड, छोटा ओटा, पाण्याची टाकी, टपावर सोलर, सगळं झकास केलेलं असतं आणि इंजिन मात्र वीस-बावीस वर्षांपूर्वीचं, जसं मिळालं तसंच. मग कसारा घाटात गाडी दम सोडते, नाहीतर डिसेंबरच्या थंडीत सकाळी सुरूच होत नाही, आणि गॅरेजला नेली की पहिलं वाक्य कानावर येतं, "पंप-नोजल काढावे लागतील." कधीकधी ते खरंही असतं. पण माझं स्पष्ट मत आहे की जुन्या डिझेलमध्ये पंप (डिझेल दाबाने पुढे पाठवणारा) आणि नोजल (ते सिलेंडरमध्ये फवारणारं) यांना हात सगळ्यात शेवटी लावायचा, कारण त्याच्या आधी तपासायच्या गोष्टी घरच्या घरी, एक मल्टीमीटर, दोन-चार पाने आणि हातभर पारदर्शक नळी एवढ्यात तपासून होतात आणि बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं.

हे सगळं मुख्यतः जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनांसाठी लिहितोय. ट्रॅव्हलर बजाज टेम्पोने १९८७ साली आणली, त्याच कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, आणि जुन्या ट्रॅव्हलरमधलं इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं. साधं, दणकट, आणि ऐकायची तयारी असेल तर स्वतःचं दुखणं स्वतः सांगणारं इंजिन. नंतरच्या कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या आणि डिझेल लाइनमध्ये फार जास्त दाब असलेल्या गाड्यांना धूर, बॅटरी, टाकी, तापणं हे सगळं लागू आहेच, पण एक-दोन गोष्टी त्यांच्यात अजिबात करायच्या नाहीत, ते पुढे त्या त्या जागी सांगतो.

आधी वही घ्या, पाना नंतर

"गाडी नीट चालत नाही" यावरून कुणालाच काही कळत नाही. कधी चालत नाही ते लिहा. इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर? सपाटीला की चढाला? गाडी रिकामी असताना की पाणी-सामान भरल्यावर? टाकी फुल असताना की पाव टाकीवर आल्यावर? पाऊस पडून गेल्यावर, की महिनाभर उभी राहिल्यावर?

याचा उपयोग बघा. सकाळी सुरू व्हायला रडते पण एकदा सुरू झाली की दिवसभर छान पळते, तर हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे), बॅटरी नाहीतर कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर). सकाळी पटकन सुरू होते पण जेवायला थांबून परत सेल्फ मारला तर घेत नाही, म्हणजे गरम असतानाच नखरे, तर पंप आतून झिजलेला असू शकतो, कारण गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून मागे निसटतं, किंवा सेल्फच गरम होऊन हळू फिरत असेल. आणि घाटात दहा मिनिटं नीट चढते, मग हळूहळू ताकद जाते, बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबलं की परत काही झालंच नाही अशी चालायला लागते, तर इंजिनला डिझेल पुरत नाहीये. फिल्टर, टाकीतली जाळी, टाकीचा ब्रीदर (टाकीत हवा येण्याची नळी). यात पंपाचा काही दोष नसतो आणि नेमका याच तक्रारीत पंप सगळ्यात जास्त उघडला जातो.

काम सुरू करायच्या आधी हँडब्रेक, चाकाला दगड, गियर न्यूट्रल, आणि कॅम्पर आहे म्हणून आतला गॅस सिलेंडर रेग्युलेटरवर बंद. ओढणी, मफलर, लोंबणाऱ्या बाह्या फॅनपासून लांब. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नका, अंगणात घ्या. बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिनचं झाकण केबिनमधूनच उघडतं, तेव्हा दोन्ही दारं सताड उघडी.

बॅटरी आणि अर्थ, कॅम्परमध्ये इथेच गडबड जास्त

डिझेल इंजिन पेटतं ते हवा दाबून तापते म्हणून, आणि हवा तेवढी तापायला सेल्फ जोरात फिरायला हवा. हळू फिरला तर इंजिन कितीही चांगलं असू दे, नुसता पांढरा धूर येतो आणि गाडी घेत नाही.

रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर मल्टीमीटर लावा, १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. मग कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत रहा, ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी दमली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ मिळायला पाहिजे, नाही मिळाले तर अल्टरनेटर किंवा बेल्ट बघा. (गाडी २४ व्होल्टची असेल तर सगळे आकडे दुप्पट.)

बॅटरी नवी आहे, १२.६ दाखवते, आणि तरी सेल्फ कुंथतोय असं असेल तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसची इंजिनच्या धातूशी असलेली जोडणी, तपासा. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरी थेट इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर धरा आणि सेल्फ मारा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थची पट्टी गंजलीय किंवा सैल आहे. पट्टी काढा, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत घासा, ग्रीस लावून कसून टाका. एवढ्या कामावर सेल्फचा आवाज बदलतो.

कॅम्परमध्ये अजून एक बघायचं. आतलं फ्रिज, पंखे, पाण्याचा पंप हे दुसऱ्या बॅटरीवर असायला पाहिजे, पण इंटिरियर करणाऱ्यांनी बऱ्याचदा एखादी वायर सरळ गाडीच्या बॅटरीवर मारलेली असते. सगळं बंद करून मायनसची वायर काढा आणि मधे मीटर अँपिअरवर लावा. चिल्लर मिलीअँपिअर दिसले तर ठीक, अर्धा-एक अँपिअर दिसला तर आतलं काहीतरी रात्रभर बॅटरी पितंय, एकेक फ्यूज काढत गेलात की सापडतं. मीटर लावलेला असताना मात्र सेल्फ मारायचा नाही, मीटर जळेल.

हीटर प्लग

डिसेंबर-जानेवारीत निफाड भागात पारा १० च्या खाली जातो, द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटवाव्या लागतात, आणि त्याच दिवसांत जुन्या डिझेलवाल्यांची सकाळ खराब होते. प्लग तपासणं सोपं आहे. प्लगना जोडणारी पट्टी काढा म्हणजे प्रत्येक प्लग सुटा होईल. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला आणि टोक प्लगच्या डोक्याला लावा, दिवा लागला तर प्लगची तार शाबूत, नाही लागला तर प्लग मेला. मीटर असेल तर चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. सगळे चांगले निघाले तर पट्टी परत लावून चावी हीटरवर फिरवल्यावर प्लगपर्यंत करंट येतो का ते बघा, नाही आला तर रिले किंवा फ्यूज. काही फार जुन्या इंजिनांत प्लग सिरीजमध्ये असतात, तिथे एक गेला की सगळेच गप्प बसतात.

एखादा प्लग मेला म्हणून चारही बदलावेत का? मी म्हणेन हो, एका वयाचे असतात, एक गेला की बाकीचे रांगेत असतात. आणि जुना प्लग काढताना घाई नको, इंजिन कोमट असताना, आदल्या रात्री गंज सोडवायचं ऑइल मारून, हलक्या हाताने काढा. हेडमध्ये प्लग तुटला तर शंभर रुपयांचं काम हजारांत जातं.

डिझेल लाइन: इथे वेळ घालवा

हा भाग नीट वाचा, कारण उभ्या राहणाऱ्या जुन्या गाड्यांचं निम्म्याहून जास्त दुखणं माझ्या मते इथेच असतं. कॅम्पर रोज चालत नाही. दिवाळीत फिरून आली की थेट मे महिन्यात निघते, पावसाळ्यात तर चार-चार महिने शेडमध्ये. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतला दमटपणा थंड होऊन पाणी होतं, पाणी तळाला बसतं, आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर एक काळा बुळबुळीत थर वाढतो, तो खरोखरचा जिवाणू-बुरशीचा थर असतो. गाडी निघाली, घाटात हिंदकळली, की तो सुटून जाळीवर आणि फिल्टरवर येऊन बसतो.

आधी फिल्टरखालचा किंवा वॉटर सेपरेटरचा ड्रेन स्क्रू सैल करून कपभर डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी. काळे तुकडे किंवा शेवाळ्यासारखं काही दिसलं तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवावी लागेल. फिल्टर कापून बघायची सवय लावा, आतला कागद बघितला की टाकीत काय चाललंय ते समजतं.

मग ब्रीदर. गाडी दम सोडते त्याच क्षणी थांबून टाकीचं झाकण उघडा. "फुस्स" करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी नीट चालली तर ब्रीदर बंद आहे. ज्यूसचा डबा स्ट्रॉने ओढत राहिलं की आत दबत जातो तसं टाकीचं होतं, डिझेल असूनही वर येत नाही. कुंभारमाशीने घर केल्यामुळे बंद झालेले ब्रीदर नेहमीचे आहेत. नळी काढा, तारेने साफ करा, संपलं.

आता पारदर्शक नळीची गोष्ट. टाकीपासून फीड पंपापर्यंतची, म्हणजे टाकीतलं डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची, लाइन ही ओढणारी बाजू, तिच्यात बारीक फट असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून खाली सगळं कोरडं दिसतं आणि मेकॅनिक म्हणतो लीकेज नाही. फिल्टरकडून पंपाकडे जाणारी रबरी नळी काढून तिच्या जागी डिझेलला चालेल अशी पारदर्शक नळी दोन क्लिपांनी बसवा, फक्त तपासण्यापुरती, आणि गरम मॅनिफोल्डपासून लांब. हवा काढून गाडी सुरू करा आणि नळीकडे बघत रहा. सुरुवातीला एक-दोन मोठे बुडबुडे जातील, ते चालतं. मिनिटभराने नळी स्वच्छ, सोनेरी दिसायला पाहिजे. रेस दिल्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या बुडबुड्यांची माळ एकसारखी जाताना दिसली, किंवा डिझेल फेसाळ दिसलं, तर गाडी हवा घेतेय. आता मागे मागे जात एकेक जोड बघा: रबरी नळीच्या भेगा, जुन्या क्लिपा, हँड प्रायमरचं (हाताने डिझेल ओढायच्या पंपाचं) सील, फिल्टरच्या वाटीची रबर रिंग, बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर. तांब्याचे वॉशर परत परत वापरू नका, पाच-दहा रुपयांची वस्तू आहे. कुणी जनरेटरसाठी मेन लाइनला टी, म्हणजे फाटा, मारलेला असेल तर सगळ्यात आधी तिथे बघा.

आणि कॅनची टेस्ट, ही माझी सगळ्यात आवडती, कारण एका फटक्यात अर्धी गाडी संशयातून सुटते. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात पेट्रोल पंपावरून आणलेलं ताजं डिझेल. फीड पंपाकडे जाणारी नळी टाकीऐवजी या कॅनमध्ये बुडवा, आणि रिटर्नची नळीही कॅनमध्येच सोडा, नाहीतर कॅनमधलं डिझेल रिटर्नने टाकीत जाऊन कॅन रिकामा होईल. कॅन घट्ट बांधून, इंजिनच्या उष्णतेपासून लांब ठेवून, उभ्या गाडीत दहा-पंधरा मिनिटं सगळ्या रेसवर चालवून बघा. गाडी सुधारली तर दोष टाकी, जाळी, ब्रीदर किंवा मागच्या पाइपात. काहीच फरक नाही तर फिल्टर, फीड पंप किंवा पुढे. पंप काढायचं कुणी म्हणालं की आधी विचारा, कॅनवर चालवून बघितली का?

लाइन उघडली की हवा काढावी लागते. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा, हँड प्रायमर दाबत रहा, फेस संपून सलग डिझेल यायला लागलं की प्रायमर दाबलेला ठेवूनच स्क्रू कसा. मग पंपावरचा स्क्रू असाच. तरी घेत नसेल तर मेकॅनिकल पंपाच्या गाडीत दोन नोजलचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल आलं की कसा. सेल्फ एका वेळी १०-१५ सेकंदांच्या वर नाही, मधे मिनिटभर विश्रांती.

धुराचा रंग

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर, टर्बो असेल तर त्याची फाटलेली नळी, खराब नोजल, किंवा गाडीत वजन फार. पांढरा धूर डोळ्यांना झोंबणारा आणि डिझेलच्या वासाचा असेल तर डिझेल न जळता बाहेर येतंय, थंडीत सुरुवातीचा मिनिटभर आला तर काळजी नको, गरम झाल्यावरही येत राहिला तर प्लगचा संबंध संपला, मग कॉम्प्रेशन, टायमिंग, नोजल. पांढराच पण वाफेसारखा, गोडसर वासाचा आणि कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग). निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. रात्रभर उभी राहून सकाळी पहिला भपका निळा आणि मग साफ, तर व्हॉल्व्ह सील. चढाला सतत निळा, तर रिंगा नाहीतर टर्बोचं सील.

कुठला सिलेंडर आजारी आहे

इंजिन आयडलला लंगडतंय, एक सिलेंडर मिसिंग आहे असं वाटतं, तर जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात हे करता येतं. कॉमन रेल गाडीत हे कधीही करू नका, तिथे लाइनमध्ये हजार बारच्या वर दाब असतो. चष्मा आणि जाड हातमोजे घाला. इंजिन आयडलला, नोजलच्या पाइपाचा नट, बहुतेक ठिकाणी १७ चा पाना लागतो, त्याच्याभोवती चिंधी गुंडाळा आणि नट हळूच अर्धा आटा सैल करा. त्या सिलेंडरचं डिझेल बाहेर गळायला लागेल. सिलेंडर चांगला असेल तर इंजिनचा आवाज लगेच पडेल, जास्त लंगडेल. काहीच फरक पडला नाही तर तो आधीच काम करत नव्हता, हाच तुमचा रोगी. नट कसा, पुढच्यावर जा, चारही बघा.

आता त्या सिलेंडरचं नोजल शेजारच्या चांगल्या सिलेंडरच्या नोजलशी अदलाबदल करा, खालचे वॉशर नवे टाकून. दुखणं नोजलबरोबर सरकलं तर नोजल खराब. जागेवरच राहिलं तर कॉम्प्रेशन किंवा व्हॉल्व्ह. नुसत्या अंदाजाने चार नोजल घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं. डिझेलच्या फवाऱ्यापुढे बोट मात्र कधीही धरू नका, दाबाखालचं डिझेल कातडी भेदून आत जातं, जखम टाचणीएवढी दिसते आणि आतून हात सडू शकतो, तसं झालं तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी हॉस्पिटल.

तापत असेल तर

नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि हायवेला लागलं की उतरतो, तर फॅन बघा: बेल्ट सैल आहे का, व्हिस्कस फॅन (गरम झाल्यावरच पकड घेणारा) असेल तर गरम इंजिन बंद केल्यावर तो हाताने सहज गरगर फिरतो का, फिरत असेल तर त्याची पकड गेली. उलट गावात ठीक, पण कसारा घाटात किंवा नांदुरीवरून सप्तश्रृंगी गडावर चढताना तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाहीये: रेडिएटर आतून चोकअप, थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय, वॉटर पंपाचं पातं झिजलंय. शेतावर, बागेत मुक्काम करणारे बरेच जण रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकतात, त्याच्या क्षाराचा थर आत बसतो, हे थांबवा, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणीच टाका. रेडिएटरच्या जाळीतले किडे आणि कचरा आतल्या बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवा.

हेड गॅस्केटचा संशय असेल तर सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरची वरची नळी दाबून बघा. रात्रभर उभी राहूनही नळी टणक लागली तर कॉम्प्रेशनचा गॅस पाण्यात शिरतोय. मग झाकण उघडून थंड इंजिन सुरू करा, सुरुवातीचे थोडे बुडबुडे गेल्यावरही रेस देताना बुडबुडे येतच राहिले तर शंका खरी. गरम इंजिनचं झाकण उघडायचं नाही, निदान अर्धा-पाऊण तास थांबा, अंगावर वाफ आली तर तोंड-हात भाजतात.

घाटात काटा चढायला लागला तर खालचा गियर घ्या म्हणजे वॉटर पंप आणि फॅन जोरात फिरतील, केबिनचा हीटर असेल तर फुल सोडा, आणि जागा मिळताच बाजूला घेऊन दोन मिनिटं आयडलला ठेवा. पाणीच सांडून गेलं असेल तर मात्र लगेच बंद.

ऑइल आणि ब्रीदर

डिपस्टिक रोज बघा म्हणतात ते कमी झालंय का यासाठी, पण जुन्या डिझेलमध्ये ऑइल वाढलं तर जास्त घाबरायचं. लेव्हल वर गेली, ऑइल पातळ लागतंय आणि डिझेलचा वास येतोय, तर फीड पंप, पंपाचं सील नाहीतर गळकं नोजल डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये सोडतंय. अशी गाडी चालवू नका. बेअरिंगला वंगण मिळत नाही, शिवाय वाढलेलं ऑइल इंजिनच्या ब्रीदरमधून (आतला गॅस बाहेर सोडणारी नळी) इनटेकला जाऊन इंजिन त्याच्यावरच पळत सुटू शकतं. चावी बंद केली तरी रेस वाढतच जाते, फार भयानक प्रकार. तसं झालं तर गाडी थांबवून, ब्रेक घट्ट दाबून, सगळ्यात वरचा गियर टाकून क्लच सोडा म्हणजे इंजिन दबून बंद पडेल, किंवा हवेचं तोंड फळीने दाबा, हात लावायचा नाही.

ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. ऑइल प्रेशरचा दिवा गरम इंजिनात आयडलला लुकलुकला तर आधी मेकॅनिकल गेज लावून खरा दाब मोजा, सेन्सर स्वस्त असतो आणि खोटंही बोलतो.

रिंगांचा अंदाज घ्यायला, गरम इंजिन आयडलला असताना ऑइल भरायचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर वयाप्रमाणे ठीक. उडून बाजूला पडलं आणि भकाभका धूर यायला लागला तर इंजिन ब्रीदर मारतंय, पिस्टन-रिंगा थकल्या.

पिकअप नाही, पण इंजिन ठणठणीत

एक जण आत बसून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो आणि तुम्ही पंपाचा लिव्हर बघता, तो शेवटच्या स्टॉपपर्यंत पोचतो का. कॅम्परमध्ये जाड मॅट आणि प्लायवूडचा फ्लोअर टाकल्यावर पेडल पूर्ण खाली जातच नाही असं सर्रास असतं, आणि मालक पंप कॅलिब्रेशनचे पैसे भरत बसतो. दहा-बारा किलोमीटर चालवून चारही चाकांच्या मध्यावर हात जवळ नेऊन बघा, एक चाक जास्त तापलं तर ब्रेक चिकटतोय. रेस वाढते पण वेग वाढत नाही, तर क्लच.

आणि वजन करा. पिंपळगाव बसवंत, लासलगावकडे कांद्याच्या ट्रॅक्टरांसाठी वजनकाटे जागोजागी आहेत, थोड्या पैशात पावती मिळते. पाणी, सामान, माणसं सगळं भरून काट्यावर घ्या आणि आरसी बुकातल्या एकूण वजनाशी ताडून बघा, मागचा ॲक्सल वेगळाही करा. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, मोठी इन्व्हर्टर बॅटरी एक चाळीस-पन्नास किलो, वर प्लायवूड, ओटा, फ्रिज. आकडा वर गेला असेल तर काळा धूर, तापणं आणि पिकअप नसणं या तिन्हींचं उत्तर तिथेच आहे, मग टाकी निम्मी भरून घाट चढा.

आवाज

लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला आणि टोक इंजिनला लावून ऐका. वरून टिकटिक, इंजिनच्या निम्म्या वेगाने, म्हणजे टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग), सेटिंग करून घ्या. एकाच सिलेंडरवर कडक टक-टक आणि त्याचा नोजल नट सैल केल्यावर आवाज गेला तर नोजल. तळातून जड ठक-ठक, लोड आल्यावर वाढणारी आणि सोबत ऑइल प्रेशर कमी, तर बेअरिंग, गाडी तिथेच उभी करा आणि उचलून न्या.

आता गॅरेजला

एवढं करून दोष सापडला नाही तर तुम्ही गॅरेजला काय बघितलं ते सांगू शकता, आणि त्याने चांगला मेकॅनिकही खूश होतो. दोन गोष्टी मागून घ्या. एक, कॉम्प्रेशन टेस्ट, चारही सिलेंडरचे आकडे लिहून. ओएम ६१६ जातीच्या इंजिनात चांगला आकडा २२ ते २४ बारच्या आसपास, १५ च्या खाली म्हणजे संपलं, आणि सिलेंडरांत ३ बारच्या वर फरक नको. दुसरी, नोजल टेस्ट तुमच्या डोळ्यांसमोर. नाशिकमध्ये हे काम जाणणारे लोक आहेत, सातपूरला बॉशचा कारखाना नोजल-इंजेक्टरचाच, पूर्वीचा मायको, चौकालाही मायको सर्कलच म्हणतात. टेस्टरवर दांडा मारल्यावर फवारा बारीक धुक्यासारखा यायला पाहिजे, करकर आवाज करत, आणि फवारा थांबल्यावर टोकाला थेंब लोंबायला नको. पिचकारीसारखी धार आली किंवा थेंब टपकला तर नोजल बदला, आणि चार आहेत तर चारही एका दाबावर सेट करून घ्या.

कॉम्प्रेशन चांगलं, नोजल चांगले, कॅनवर चालवूनही फरक नाही, हवा घेत नाही, आणि तरी गरम झाल्यावर घेत नाही किंवा चढाला दम सोडते, तर आता पंप काढायला हरकत नाही. काढताना टायमिंगच्या खुणा मार्करने रंगवून फोटो काढा, आणि बांधून आल्यावर कॅलिब्रेशनचा कागद मागा, त्यावर प्रत्येक सिलेंडरला जाणाऱ्या डिझेलचं माप लिहिलेलं असतं.